टिकल्यांच्या कमळाखाली

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत नेमीचंदचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. मुंबईहून छापील चित्रांचं पत्र्याचं नळकांडं आलं, की हा गृहस्थ आधी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून घ्यायचा. मग चित्रं पालथी घालून एकेक उलटायचा, जसं काही खाली विंचूच बसलाय. लोक चित्रात देव बघतात. नेमीचंद देव सोडून बाकीचं सगळं बघायचा. देवाच्या मागे काय आहे, पायाशी काय आहे, कोपऱ्यात काय लपवलंय. त्यासाठी त्यानं सोनाराकडून पितळी कड्याचं एक भिंग आणलं होतं, आणि ते कशाला हवंय हे सोनारालाही सांगितलं नव्हतं.

एकदा लक्ष्मीचं चित्र आलं. कमळात उभी, दोन्ही बाजूंना हत्ती, सगळं रीतीप्रमाणे. पण मागे लांबवर पाण्यात एक गलबत होतं. झालं, याच्या मनात पाल चुकचुकली. गलबत कुणाचं? येतंय की जातंय? शिडाचं तोंड पश्चिमेकडे, म्हणजे निघालंच की लक्ष्मी घेऊन विलायतेला! दत्ताच्या चित्रात चारातला एक कुत्रा मान वळवून गुरगुरत होता, तो नेमका कुणावर? रामाच्या सिंहासनावरच्या छत्राला पट्टे तीनच का? आता त्या बिचाऱ्या चित्रकाराला जागा मोकळी दिसली म्हणून त्यानं गलबत घातलं असेल, नाही कोण म्हणतंय? पण नेमीचंदचं म्हणणं असं, की उगाच कोण कशाला काढेल, शाई काय फुकट येते?

हा संशय त्यानं हौसेनं पाळलेला नव्हता. त्याचा काका लालचंद एरंडोलला असंच तसबिरींचं दुकान चालवायचा, आणि नेमीचंद त्याच्याच घरी वाढला. बंगालच्या फाळणीवरून देशभर धुमाळी चालली होती त्या दिवसांतली गोष्ट. काकाच्या दुकानात देवी महिषासुराला मारते ते चित्र वर्षभर टांगलेलं होतं. एके दिवशी पोलीस आले आणि म्हणाले, रेड्यातून निघणाऱ्या या राक्षसाच्या पायात बूट आहे, म्हणजे हा इंग्रजच. काकानं त्या दिवशी पहिल्यांदा राक्षसाच्या पायाकडे बघितलं. पायाशी काहीतरी काळं होतं खरं. बूट होता की सावली, देव जाणे! पोलिसांना बूट दिसला आणि काकाला घेऊन गेले.

काही दिवसांनी सोडलं, पण परत आला तो निराळाच माणूस. तिथं काय झालं ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हाताला कंप सुटला होता, काच कापायची हिरकणी धरता येईना. घरातली सगळी चित्रं त्यानं उतरवली, तीर्थंकरांचंसुद्धा ठेवलं नाही, आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. नेमीचंद जवळ गेला की एवढंच म्हणायचा, ‘नीट बघत जा रे.’ बाकीच्या मुलांना काका-मामा गोष्टी सांगत, श्लोक शिकवत. याच्या वाट्याला हे एवढंच आलं, आणि ते त्यानं जिवाशी बांधून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, इतकी धास्ती होती तर हा धंदा धरलाच कशाला? कापड विकायचं, तूरडाळ विकायची! पण काकाच्या मागे हिरकणी, हातोडी आणि सागाच्या पट्ट्या त्याच्याकडे आल्या आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. धुळ्याला येऊन त्यानं दुकान टाकलं, पारोळ्याच्या ओसवालांची प्रेमकुंवर करून आणली आणि ज्याची भीती त्याच्याच संगतीत आयुष्य काढायला बसला.

गिऱ्हाइकांचाही त्याला भरवसा नव्हता. ‘नवीन काय आलंय, शेठ?’ असं कुणी विचारलं की हा खबऱ्या. काहीच न विचारता नुसता उभा राहिला तर तो पक्का खबऱ्या. समोरच्या सुकदेव शिंप्यानं सुईत दोरा ओवायला एक डोळा बारीक केला, तरी याला वाटायचं, कुणाला तरी खूण केली. दुकानात बसायला बाकडं ठेवलं नव्हतं, कारण बसला की माणूस बोलतो.

प्रेमकुंवर मात्र याच्या अगदी उलट. जिभेला धार आणि हाताला कला. माहेरी ओढणीला जरीचा गोटा लावायची, इथं ती चित्रातल्या देवांचे दागिने सजवायची. मुकुटाला जर, हाराला टिकल्या, पदराला खऱ्या कापडाची किनार. दुकानामागच्या खोलीत खळीची वाटी घेऊन बसली की देवी साक्षात नटून उभी राहायची. त्या काळी खानदेशात अशा मढवलेल्या चित्रांना फार मागणी होती, आणि तिच्या हातच्या चित्रांना तर जास्तच.

मग तिसाचं साल उजाडलं. मिठाचा कायदा मोडला, पाठोपाठ जंगल सत्याग्रह सुरू झाला, पिंपळनेर-साक्रीकडची माणसं सरकारी रानात गवत कापायला शिरली आणि धुळ्याचा तुरुंग भरला. गल्लीत झाडाझडत्या व्हायला लागल्या तशी नेमीचंदची पाचावर धारण बसली. नेमकं त्याच वेळी यशोदेचं चित्र आलं. यशोदा ताक घुसळतेय, बाळकृष्ण रवीची दोरी ओढतोय, आणि वरच्या कोपऱ्यात, खुंटीला, पोपटाचा एक पिंजरा. नेमीचंदनं भिंग लावलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पिंजऱ्याचं दार उघडं!

चित्रं परत पाठवावीत तर का पाठवली म्हणून मुंबईवाला विचारणार. जाळावीत तर धूर गल्लीला दिसणार. दुपारभर डोकं खाजवून त्यानं तोड काढली. पिंजऱ्यावर शिसपेनची बारीक फुली मारली आणि बायकोला सांगितलं, यावर टिकल्यांचं कमळ कर, मोठं कर, खालचं काडीइतकं दिसता कामा नये. तिनं विचारलं, भिंतीवर, खुंटीला, कमळ? कमळ काय खुंटीला उगवतं? त्यानं सांगितलं, देवाचं घर आहे, तिथं उगवतं.

एकदा ही युक्ती सापडल्यावर तो सुटलाच. गलबतावर कमळ, गुरगुरत्या कुत्र्यावर कमळ, छत्राच्या पट्ट्यांवर कमळांची रांग. झाकलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आणि इथंच बेट्याचं गणित चुकलं. कारण आजवर त्या गलबताकडे धुळ्यात एका माणसानं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कमळ दिसलं की जो तो थबकायचा, की हे इथं कशाला? आणि खाली काय आहे?

सुकदेव शिंप्यानं गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, खाली तिरंगी झेंडा आहे. वकिलाच्या कारकुनाचं मत, चरखा. कासारणीच्या मते देवीनं तिथं तलवार ठेवलीय, वेळ आली की काढेल. ज्याच्या मनात जे होतं ते त्यानं कमळाखाली ठेवलं. लोक येऊन कमळाचंच चित्र मागायला लागले, कुठल्या देवाचं ते विचारतसुद्धा नव्हते. गांधी टोपीवाली पोरं दुकानावरून जाताना हात जोडायची. नेमीचंदला वाटायचं, ही पोलिसांनीच पाठवलीत, मी हात जोडतो का ते बघायला. मग तो मान खाली घालून चौकटीला चुका ठोकत बसायचा, आणि पोरं म्हणायची, काय माणूस आहे, ताकास तूर लागू देत नाही!

प्रेमकुंवरच्या सगळं लक्षात आलं होतं. एक दिवस टिकल्या निवडता निवडता ती म्हणाली, “तुम्ही झाकता म्हणून लोक बघतात. झाकलं नसतं तर कुणी बघितलं नसतं.”

त्याला ते पटलं नाही. उलट त्याला बायकोचाच संशय आला, की हिला कुणी पढवलंय का. पुढे कितीतरी दिवस ती खोलीत एकटी काम करत असली की हा उगाच पाणी प्यायला आत जायचा.

अशात भिकुबाई आली. पांझरा नदीपलीकडच्या खेड्यातली म्हातारी, बाजारच्या दिवशी डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन यायची. तिचा एकुलता एक मुलगा सुपडू गवत कापायला गेला तो तुरुंगात होता. शेंगा विकून झाल्या की ती तुरुंगाच्या भिंतीच्या कडेकडेनं चालत जायची, आत कुणी भेटू देत नव्हतं तरी. तिनं यशोदेचं चित्र हातात घेतलं. यशोदेकडे बघितलं नाही, कृष्णाकडे बघितलं नाही, सरळ कमळावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? नेमीचंद म्हणाला, कमळ. म्हातारीनं त्याच्याकडे चांगलं टक लावून बघितलं, ‘बरं’ म्हणाली आणि चित्र लुगड्याच्या पदरात गुंडाळून घेऊन गेली. नेमीचंदला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हातारीला नक्की काहीतरी ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक नव्हतं.

पावसाळा सरता सरता भिकुबाई तेच चित्र घेऊन परत आली. काच फुटली होती. फुटली होती ती बरोबर कमळावर, आणि तिथं बोटांचे तेलकट डाग पडले होते. म्हातारी रोज सकाळी देवीला हात लावावा तसा त्या कमळाला हात लावत असणार. नेमीचंदनं चौकट उकलली, चित्र बाहेर काढून फळीवर ठेवलं, काच मापायला घेतली, आणि दाराशी उजेड अडला. फौजदारसाहेब उभे होते, मागे धनसिंग हवालदार.

फौजदार का आले तेही सांगायला हवं. त्यांच्या स्वतःच्या बायकोनं बाजारातून लक्ष्मी आणली होती, मागे कमळ लावलेली. साहेबांनी जेवताना विचारलं, हे मागचं कमळ कशाला? तर बाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आणि फौजदाराला नाही! त्या माणसाला घास उतरला नसेल तर नवल नाही.

साहेबांनी फळीवरचं उघडं चित्र उचललं आणि कमळावर छडीचं टोक ठेवलं. विचारलं, खाली काय आहे? नेमीचंद म्हणाला, काही नाही साहेब, नुसती शोभा आहे. मग काढ, फौजदार म्हणाले, तूच काढ, आमच्यासमोर.

समोर सुकदेवचं मशीन थांबलं. बघता बघता दुकानापुढे माणसं जमली, सगळ्यांच्या माना पुढे. आपलं कमळाखालचं काय ते आज कळणार होतं ना! आतल्या पडद्याआड प्रेमकुंवर उभी राहिली. भिकुबाई पाटी छातीशी धरून फळीला चिकटून होती. नेमीचंदनं कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि कमळावर ठेवलं. त्याला एरंडोलचा ओटा दिसत होता, भिंतीकडे तोंड करून बसलेला काका दिसत होता. आता साहेबांना उघडं दार दिसणार, दुकानाला कुलूप लागणार आणि आपणही एक दिवस असेच हात कापत घरी येणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. खळ सुटली. टिकल्या एकेक करून फडक्यात आल्या.

खाली पिंजरा. पिंजऱ्यात पोपट. आणि दार बंद.

चांगलं कडी लावून बंद. नेमीचंदला दार उघडं वाटलं होतं ती पाण्याची वाटी होती, जरा तिरकी टांगलेली. उभ्या जन्मात ज्यानं नीट बघायचा वसा घेतला, त्यानं हेच नीट बघितलं नव्हतं, भीतीनं अर्धवट बघितलं आणि झाकून टाकलं. गल्लीतून एक सुस्कारा आला. झेंडा नाही, चरखा नाही, तलवार नाही.

“हा तर पोपट आहे,” फौजदार म्हणाले. “पोपट कशाला झाकलास?”

दार उघडं दिसलं म्हणावं तर ते कोठडीचंच बोलणं. शेवटी खरं तेच तोंडातून आलं.

“भ्यालो, साहेब.”

“पोपटाला?”

आधी हवालदार हसला, मग गल्ली हसली. हात जोडणारी पोरं सगळ्यांत जास्त हसली. फौजदारांनी जाता जाता दम भरला, की यापुढे दागिने सोडून कुठंही टिकली दिसली तर दुकानाला कुलूप आणि तुला कोठडी, मग खाली पोपट असो नाहीतर कावळा. ते गेले, माणसं पांगली, मशीन पुन्हा सुरू झालं. नेमीचंद फळीवर दोन्ही हात टेकून उभा होता. वाचल्याचं समाधान वाटायला हवं होतं. त्याला फक्त लाज वाटत होती, आणि ती इतकी की पडद्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

भिकुबाई हलली नव्हती. ती पिंजऱ्याकडे बघत होती. इतके दिवस जिथं सकाळी हात ठेवला तिथं आता बंद दार होतं, वर कडी.

“नेमाभाऊ,” ती म्हणाली, “व्हतं तसं लाई दे.”

त्यानं मान हलवली. साहेब काय बोलून गेले ते तिनंही ऐकलं होतंच. तो समजावायला लागला, की अक्का, काच बसवून देतो, नवी बसवतो, पण टिकली नाही, टिकलीचं नावच काढू नको.

“पिंजरानं दार बंद शे ना भाऊ,” म्हातारी म्हणाली. “आते ते माले रोज दिसी.”

तिनं कमळाखाली सुपडूला ठेवलं होतं, ते नेमीचंदला तेव्हा कळलं. तोंड वर करून त्यानं तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या भीतीचाच संताप आला. नीट बघत जा रे, काका म्हणायचा. नीट बघायचं म्हणजे काय फक्त राक्षसाच्या पायातला बूट बघायचा? समोर उभी असलेली बाई नाही बघायची?

त्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या, अर्ध्या नाही, पुऱ्या. चित्रांवरचे डाग भरायला ठेवलेली रंगाची पेटी काढली. काकाची हिरकणी घेतली आणि तिच्या टोकानं पिंजऱ्याच्या दाराच्या काड्या एकेक करून खरवडल्या. काकासारखा हात थरथरेल असं त्याला वाटलं होतं, पण थरथरला नाही. खाली भिंतीचा निळा रंग भरला. मग एकाच केसाच्या कुंचल्यानं दार पुन्हा काढलं, बाहेरच्या बाजूला, सताड उघडं. ज्याच्यासाठी तो मुंबईच्या चित्रकारांवर जन्मभर संशय घेत आला, ते आज तो स्वतःच्या हातानं करत होता. आता पोपटावर कुंचला नेऊन त्यालाही बाहेर काढावा म्हणून तो वाकला, तर म्हातारीनं त्याचं मनगट धरलं.

“त्याले नको काढू. तो सोता येई.”

मागे पडदा हलला. प्रेमकुंवर खळीची वाटी आणि टिकल्या घेऊन कधीची उभी होती. नवऱ्याला काही न विचारता ती खाली बसली आणि तिनं कमळ करायला घेतलं, पहिल्यापेक्षा मोठं, भर कोपऱ्यात, फौजदाराला लांबूनही दिसावं असं. नेमीचंद तिला नको म्हणाला नाही. त्यानं नवी काच कापली, चौकट जुळवली, चुका ठोकल्या आणि तसबीर म्हातारीच्या पाटीत ठेवली.

पण स्वभाव असा एका दुपारी जातो थोडाच! भिकुबाई उंबऱ्यावर गेली तोवर मनात पाल चुकचुकलीच. त्यानं तिला थांबवलं आणि आवाज खाली करून विचारलं, की अक्का, कुणी विचारलं खाली काय आहे, तर काय सांगशील?

म्हातारीनं त्याच्याकडे तसंच टक लावून बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

“खाले पोपट शे,” ती म्हणाली. “फौजदारनी सोता सांगं. बठ्ठासनी, सारी गल्लीनी ऐकं.”

पाटी डोक्यावर घेऊन ती तुरुंगाच्या रस्त्याला लागली.

नेमीचंद त्यानंतर बरीच वर्षं दुकान चालवत होता. मुंबईहून नळकांडं आलं की अजूनही अर्ध्या फळ्या लागायच्या, चित्रं पालथी पडायची, भिंग बाहेर यायचं. देवाच्या मागे, पायाशी, कोपऱ्यात तो तसंच शोधायचा. फरक पडला तो एवढाच. आधी काही सापडलं नाही की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आता काही सापडलं नाही की त्याचा चेहरा पडायचा, आणि तो चित्र बायकोकडे देऊन म्हणायचा, बघ गं, तुला काही दिसतंय का.